वेशीचा अडसर

"तुम्ही काहीच बोलला नाहीत, बाई," पांचाळ म्हणाले.

बाकीची मंडळी नुकतीच गेली होती. नगराध्यक्ष डबीरसाहेबांची मोटार जिनिंगच्या फाटकातून बाहेर पडल्याचा आवाज मी ऐकला होता. बंद पडलेल्या त्या जिनिंग कारखान्याच्या शेडमध्ये आता पांचाळ होते, मी होते आणि ती होती. नऊ फूट उंच, ओल्या मातीची, नऊवारी नेसलेली बाई. डाव्या हातात सुताची गुंडी. उजवा हात एका ढालीवर टेकवलेला, आणि त्या ढालीवर कोरलेली एक बंद वेस. डोक्यावर मुकुट होता, पण तो कुठल्या देवीचा किंवा राणीचा नव्हता. आमच्या गावाची तटबंदीच तिच्या डोक्यावर होती. बुरूज, बंदुका रोखायच्या जंग्या, आणि कपाळाच्या बरोबर वर बंद दरवाजा.

तिचं नाव होतं कासनेरनगरी.

कासनेर नगरपालिकेला त्या वर्षी, म्हणजे १९६७ साली, शंभर वर्षं पुरी होत होती. नवी इमारत बांधून झाली होती आणि तिच्या दर्शनी भागावर, जिन्याच्या वरच्या सज्जात, गावाची मूर्ती उभी करायची असं ठरलं होतं. कुणा पुढाऱ्याची नाही, राजाची नाही, गावाची. ही कल्पना डबीरसाहेबांची. ते वकील, आणि गावाच्या इतिहासाचं पुस्तकही त्यांनीच लिहिलेलं. जुन्या काळी परमुलखात नगरीला बाईचं रूप देत आणि तिच्या डोक्यावर तटाचा मुकुट घालत, असं त्यांनी कुठल्याशा ग्रंथात चित्रासकट पाहिलं होतं. त्यांनी मुंबईहून दिगंबर पांचाळांना बोलावलं. मूर्तीच्या समितीत सहा जण होते आणि सातवी मी. मी मुलींच्या चार नंबर शाळेत चित्रकला शिकवत असे. वय चोवीस. नेमणूक अजून तात्पुरती होती. माझं नाव समितीत घालावं हाही डबीरसाहेबांचाच आग्रह. "साळवेबाई चित्रकला जाणतात, अक्षर चांगलं आहे, इतिवृत्त लिहितील," असं ते सभेत म्हणाले होते, आणि कुणी काही कुजबुजलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं होतं.

"मूर्ती फार सुंदर झालीय," मी पांचाळांना म्हटलं. आणि ते खरंच होतं. मी आत पाऊल टाकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. ज्या गावाला स्टेशन नाही, कॉलेज नाही, ज्याचं नाव सांगितलं तर मुंबईतला माणूस "कुठं आलं ते?" असं विचारतो, त्या गावाला कुणीतरी इतकी ताठ मान दिली होती.

"सगळे सुंदर म्हणाले. सुंदर म्हणून झाल्यावर ते बोलत राहिले. तुम्ही मुकुटाकडे पाहिलंत आणि गप्प झालात. काय चुकलंय तिथं?"

पांचाळ पंचावन्नच्या आसपासचे. अंगात गंजीफ्रॉक, कोपरापर्यंत माती. एका कानाने कमी ऐकत, त्यामुळे बोलताना मान वाकडी करून आपल्या तोंडाकडे बघत. अशा माणसाला टाळून उत्तर देणं अवघड असतं.

"चुकलं काही नाही," मी म्हटलं. "मी आपली आमचं घर शोधत होते."

"मग? सापडलं?"

"ते भिंतीच्या बाहेर आहे."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग वळून मुकुटाकडे पाहिलं. बराच वेळ. हातातल्या लाकडी कोरणीवरची माती ते अंगठ्याने पुसत होते, ती केव्हाच निघाली होती तरी.

"कुठली वेस?"

"पूर्वेची. तिचीच काय ती कमान उरलीय आता."

"उद्या मला न्याल तिथं?"

*

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांना घेऊन गेले.

पूर्व वेस ही कासनेरची शान. बाकीचा तट रस्ता रुंद करताना पडला, दगड घराघरांत गेले, पण ही कमान आणि दोन बुरूज राहिले होते. गावातल्या पोराटोरालासुद्धा तिची गोष्ट पाठ. पेंढाऱ्यांची धाड आली. अकरा दिवस त्यांनी गावाला वेढा घातला. डबीरांचे पूर्वज दाजीपंत यांनी स्वतःच्या हातांनी वेशीला अडसर घातला आणि बुरुजावरून गाव लढवलं. अकराव्या दिवशी पेंढारी निघून गेले. 'कासनेरची वेस कधी पडली नाही', हे वाक्य नगरपालिकेच्या शिक्क्यावर होतं. मीही शाळेत मुलींना हेच शिकवत असे. शिकवताना माझाही आवाज चढायचा.

पांचाळांनी कमानीखाली उभं राहून हाताच्या वितीने मापं घेतली. आतल्या अंगाला, दरवाजाच्या बाजूच्या भिंतीत, कमरेच्या उंचीवर एक चौकोनी भोक होतं.

"हे काय?"

"अडसराचं घर. दिवसा अडसर भिंतीच्या आत सरकवून ठेवायचा. रात्री ओढून दरवाजामागे आडवा घ्यायचा."

त्यांनी बाही सरकवली आणि भोकात हात घातला. खांद्यापर्यंत आत गेला तरी तळ लागेना.

"तुम्हाला हे इतकं नेमकं कसं माहीत?"

"माझे वडील वेसकर होते," मी म्हटलं. "वेस लावायची पद्धत बंद झाली तोवर. त्यांच्या आधी त्यांचे वडील. पिढ्यान्पिढ्या काम आमच्या घराकडेच. संध्याकाळी वेस लावायची, रात्री आत देवडीवर पहारा करायचा, पहाटे उघडायची आणि घरी जायचं. घर बाहेर."

"वडील आहेत?"

"आहेत. ते काय समोर, आमच्या आळीच्या तोंडाशी बसलेत."

आबा तेव्हा सत्तरी ओलांडलेले. नजर चांगली होती, पाय गेले होते. मुंबईचे साहेब आलेत म्हटल्यावर ते काठी धरून उठायला लागले. पांचाळांनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि स्वतः शेजारी जमिनीवर बसले.

"वेढ्याची गोष्ट सांगा मला," पांचाळ म्हणाले.

"ती गावात सांगतील की, साहेब. डबीर वकिलांनी पुस्तक लिवलंय."

"ती ऐकली. तुमच्याकडे काय सांगतात ते सांगा."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ही गोष्ट मी लहानपणी आजीच्या तोंडून अर्धीमुर्धी ऐकली होती. शाळेत जायला लागल्यावर मला पुस्तकातली गोष्ट जास्त खरी वाटायला लागली, आणि घरची गोष्ट मी कुणाला कधी सांगितली नव्हती.

"धाड आली ती दिवस मावळताना," आबा म्हणाले. "लांब धुरळा दिसला. गावानं वरडा केला, वेस लावा, वेस लावा. आमचा खापरपणजा सटवा तवा वेसकर. त्यो आत व्हता. कामावर. बायकु न् तीन लेकरं हितं बाहेर. आमची समदी वस्ती बाहेर. लोक धावत आले, वेशीपतुर आले. वरून हुकूम झाला, लाव."

"आणि?"

"आणि त्यानं लावली. अडसर त्यानंच वढला. त्याच्या हातचंच काम ते."

पांचाळांनी वळून वेशीकडे पाहिलं.

"अकरा दिस आतनं आवाज ऐकत बसला म्हनतात. पयल्या दोन दिसांनी आवाज बी थांबले. अकराव्या दिशी वेस उघडायची येळ झाली. लोक म्हनले, सटवा, आज ऱ्हाऊ दे, दुसरं कोन उघडंल. त्यो म्हनला, न्हाय, उघडायचं काम माजं हाय. उघडली. हितं राखच व्हती. त्याचं एक पोरगं तेवढं ज्वारीच्या रानात लपून वाचलं. त्या पोराचा आमी वंश."

"मग त्याने काम सोडलं?"

"सोडतोय कुठं? मरंपतुर केलं." आबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "साहेब, मी कुनाला वाईट म्हनत न्हाय. वेस लावली नसती तर समदंच गाव गेलं असतं. पर गावात सांगत्यात का अडसर दाजीपंतानं घातला. तेवढं खोटं हाय. त्यो अडसर बामनाच्या हातचा न्हाय. बघायचा हाय?"

पांचाळांना वाटलं ते वेशीतलं भोक पुन्हा दाखवणार. आबांनी काठीने आमच्या घराकडे खूण केली.

वेशीचे दरवाजे काढून लिलावात विकले तेव्हा अडसराचं लाकूड कुणी घेतलं नव्हतं. आजोबांनी ते उचलून आणलं आणि आमच्या ठेंगण्या घराला आढं म्हणून घातलं. मी त्याच्या खाली जन्मले, त्याच्या खाली अभ्यास केला, आणि मान वर करून ते नीट कधी पाहिलं नव्हतं. पांचाळ पाट ओढून त्यावर चढले. बारा हात लांब, खैराचं चौकोनी लाकूड, धुराने काळं झालेलं. एका टोकापासून हातभर अंतरावर त्याच्या चारही कडा झिजून गोल झाल्या होत्या. कुणी तासल्या असत्या तर खुणा दिसल्या असत्या. तिथं नुसती झीज होती, आणि ती बरोबर दोन मुठींएवढी होती.

पांचाळांनी आपल्या मुठी तिथं ठेवून पाहिल्या. खाली उतरले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. धुराने असतील असं मी तेव्हा धरून चालले.

*

बुधवारी संध्याकाळी शेडचं दार ढकललं आणि मी जागीच थांबले.

मूर्तीला उजवा हात नव्हता. खांद्यापासून तो कापून टाकला होता, आतली लोखंडी सळई उघडी पडली होती. ढाल जमिनीवर मातीचा गोळा होऊन पडली होती. पांचाळ सळई वाकवत होते.

"हे काय केलंत?"

"हात चुकीचा होता."

"समितीने मंजूर केलेला होता. शनिवारी शेवटची पाहणी आहे. सोमवारी साच्याची माणसं येणार. कुणाला विचारलंत?"

"कुणालाच नाही."

"साहेब, माझं नाव येईल यात," मी म्हटलं. "डबीरसाहेबांनी मला समितीत घेतलं. माझी नेमणूक अजून कायम नाही. त्यांच्याच पूर्वजांची गोष्ट पुसून टाकली असं होईल. ती मी पुसली असं होईल."

"तुमचं नाव मी घेणार नाही."

"घ्यायची गरजच नाही. तुम्हाला माझ्या घरी जाताना अख्ख्या आळीने पाहिलंय."

पांचाळांनी पक्कड खाली ठेवली. मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, मी आजवर नऊ गावांना पुतळे दिले. बहुतेक ठिकाणी लोक मला एक फोटो देतात आणि असा करा म्हणतात. इथं पहिल्यांदा कुणी मला म्हणालं, गावाचा चेहरा करा. मी तीन महिने या गावात फिरलो. हातमाग पाहिले, सूत रंगवणारे पाहिले, घाट पाहिला. चेहरा सापडला. हात सापडला नव्हता म्हणून मी ढाल दिली. हात कुठे ठेवावा ते कळलं नाही की शिल्पकार ढाल देतो." ते थोडं हसले. "आता कळलंय. कळल्यावर जुना हात पाठवला तर ती मूर्ती खोटी होईल. समितीने नाकारली तर मी पुन्हा ढाल लावून देईन आणि खाली माझं नाव घालणार नाही. तेवढंच माझ्या हातात आहे. तुम्ही उद्यापासून येऊ नका. मी समजेन."

मी घरी आले आणि आबांना सांगितलं. त्यांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "नोकरी जाईल व्हय?"

"जाईल कदाचित."

"मी सांगाया नको व्हतं."

"तुम्ही खोटं कुठं सांगितलंत?"

"न्हाय," आबा म्हणाले. "खोटं न्हाय सांगितलं." आणि थोड्या वेळाने, "त्यो साहेब अडसर कसा धरनार? त्याला म्हाईत हाय का, कसा धरत्यात?"

म्हणून गुरुवारी मी गेले. एकटी नाही, भाड्याच्या टांग्यात आबांना बसवून घेऊन गेले.

पांचाळांनी नगरीच्या बाजूला एक लांब लाकूड उभं केलं होतं, तिच्या उंचीहून हातभर जास्त, टोक जमिनीवर टेकलेलं. त्यावर माती चढवून अडसर करायचा होता. नवा हात त्याला धरणार होता. आबांनी तो धरण्याचा प्रकार पाहिला आणि मान हलवली.

"आसं भालदार भाला धरत्यात. अडसर आसा न्हाय धरत. अंगठा वरून न्हाय, बाजूनं. न्हायतर लाकूड सरकलं का अंगठा चिरडतो." त्यांनी स्वतःची काठी धरून दाखवली. "आन मनगट थोडं आत. जोर खांद्यानं द्यायचा, मनगटानं न्हाय."

"असेच बसा," पांचाळ म्हणाले.

दोन दिवस आबा शेडमधल्या खुर्चीवर काठी धरून बसले. पांचाळ त्यांच्या हाताकडे बघत आणि वर परांचीवर चढून माती लावत, उतरून परत बघत, परत चढत. मी पोती भिजवून मूर्तीचं बाकीचं अंग ओलं ठेवत होते, नाहीतर तिला तडे गेले असते. चित्रकला शिकवणारी मी, पण एखादा हात मातीतून असा उगवताना मी पहिल्यांदा पाहत होते. पांचाळ आधी हाडं घालत. मग शिरा. मग कातडीसारखी पातळ माती. आबांच्या उजव्या हाताच्या करंगळीचं पेर वाकडं होतं, तेही त्यांनी घातलं. मी म्हटलं, बाईच्या हाताला हे शोभेल का? ते म्हणाले, "ज्या हाताने काम केलंय त्याला सगळं शोभतं." आणि खरंच शोभत होतं. दंड बाईचा होता, मनगट बाईचं होतं, बांगड्यासुद्धा होत्या. मूठ मात्र वेसकराची.

शुक्रवारी शेवटी ते परांचीच्या वरच्या फळीवर चढले आणि मुकुटातल्या बंद दरवाजाच्या दोन फळ्या कोरणीने उचलून बाजूला फिरवल्या. वेस उघडी झाली.

*

शनिवारी समिती आली. सगळे आत शिरले आणि नव्या हाताकडे बघत उभे राहिले.

डबीरसाहेब पुढे झाले. ते साठीचे, काटकुळे, पांढरं धोतर आणि काळा कोट. गावाच्या इतिहासावर त्यांचं अख्खं आयुष्य गेलं होतं. त्यांनी मूर्तीभोवती एक फेरी मारली.

"ढाल कुठे गेली?"

"काढली," पांचाळ म्हणाले.

"हा दंड कसला? सोटा आहे का?"

"अडसर आहे. तिने वेस उघडली आहे."

"कासनेरची कीर्ती वेस उघडण्यात नाही, पांचाळ. ती बंद ठेवण्यात आहे. शिक्क्यावर काय लिहिलंय ते तुम्ही वाचलंय." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मंजूर नमुना बदलायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

पांचाळ म्हणाले, "मला वाटलं म्हणून बदलला."

त्यांनी शब्द पाळला होता. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. समितीतल्या एकाने मात्र पाहिलं. मला वाटलं, आता मी गप्प राहिले तर आयुष्यभर गप्पच राहीन.

"साहेब, मी सांगते," मी म्हटलं.

आणि मी सांगितलं. सटवाचं नाव, त्याची बायको, तीन मुलं, अकरा दिवस, उघडायचं काम माझं आहे म्हणाला ते. मी शाळेत शिकवते तशा सरळ आवाजात सांगायचा प्रयत्न केला. मध्ये कुठे थांबले नाही.

डबीरसाहेब ऐकत राहिले. मग म्हणाले, "साळवेबाई, हे त्या वेढ्याच्या बखरीत कुठेही नाही. मी ती बखर चार वेळा वाचली आहे."

"साहेब, बखर आत बसून लिहिली," मी म्हटलं.

कुणीतरी खाकरलं. डबीरसाहेबांचा चेहरा लाल झाला आणि मग हळूहळू उतरला. "आमच्या देवघरात दाजीपंतांचा टाक आहे," ते म्हणाले. "रोज पूजा होते त्याची. अडसर त्यांनी स्वतः घातला, हे मी आईच्या मांडीवर ऐकलंय. तुम्ही ऐकलंय ते आणि मी ऐकलंय ते, दोन्ही ऐकीवच. पुरावा आहे काही?"

"आहे," मी म्हटलं. "आमच्या घरात."

"उद्या सकाळी येतो," ते म्हणाले आणि निघून गेले.

*

ते आठ वाजता आले, एकटे, मोटार वेशीतच सोडून चालत. अख्खी आळी दारात उभी होती. डबीर वकील आळीत कधी आलेच नव्हते असं नाही, निवडणुकीत येत. पण कुणाच्या घरात वाकून शिरताना कुणी त्यांना पाहिलेलं नव्हतं.

आबांनी आढं दाखवलं. डबीरसाहेबांनी चष्मा पुसला, जोडे काढले आणि पाटावर चढले. मी त्यांच्या कोपराला आधार दिला. त्यांनी ती झिजलेली जागा आधी डोळ्यांनी पाहिली, मग हाताने. दोन्ही मुठी तिथं ठेवल्या. मग मुठी काढून, पाट पुढे सरकवत, तळव्याने हळूहळू पूर्ण लाकूड चाचपलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. झीज तेवढ्याच एका जागी होती.

"हे एका दिवसाचं नाही," ते म्हणाले.

"न्हाय, साहेब," आबा म्हणाले. "रोजचं हाय."

डबीरसाहेब खाली उतरले आणि तिथंच पाटावर बसले. आबांना त्यांनी एकच प्रश्न विचारला. "वेस लाव असा हुकूम वरून झाला म्हणता. कुणी दिला?"

आबा घुटमळले. माझ्याकडे पाहिलं.

"सांगा. मी ऐकायलाच आलोय."

"दाजीपंतांनी. आसं सांगत्यात."

"हं," डबीरसाहेब म्हणाले. बाहेर कुणाचं तरी कोंबडं ओरडत होतं. "तो हुकूम त्यांनी दिला, हे आमच्या घरात कुणी कधी सांगितलं नाही. अडसर घातला म्हणतात. हुकूम दिला म्हणत नाहीत. मला वाटतं, त्यांना माहीत होतं बाहेर कोण आहे ते. माहीत असल्याशिवाय माणूस अशी गोष्ट बदलून सांगत नाही."

ते उठले. दारात वाकताना त्यांची टोपी चौकटीला लागून पडली. मी उचलून दिली.

"साळवेबाई, इतिवृत्त कालचं लिहिलंत का?"

"नाही, साहेब."

"लिहा. जे बोललं गेलं ते सगळं. बखरीबद्दलचं तुमचं वाक्यही. आणि पांचाळांना सांगा, सोमवारी साचा काढू द्या."

समितीतले दोघे अखेरपर्यंत विरोधात राहिले आणि एकाने राजीनामा दिला. मुंबईहून ब्राँझमध्ये ओतून आलेली मूर्ती बैलगाडीतून गावात आली तेव्हा मात्र तेही रस्त्यावर उभे होते. हातमागवाल्यांच्या आळीतल्या बायकांनी तिच्या डाव्या हातातली सुताची गुंडी पाहिली आणि ती आपलीच आहे असं म्हणू लागल्या. घाटावरचे लोक म्हणाले, चेहरा आमच्या बाजूचा आहे. कुणाला अडसर गदा वाटली, कुणाला माग हलवायचा दांडा. पांचाळ ऐकत आणि कुणालाच खोडून काढत नसत.

अनावरणाला डबीरसाहेबांचं भाषण लहान झालं. ते म्हणाले, "वेस बंद करण्याचा हुकूम माझ्या पूर्वजाने दिला. अडसर सटवा वेसकराने घातला. गाव दोघांमुळे वाचलं. त्याची किंमत एकानेच दिली. माझ्या पुस्तकात हे चुकलं होतं, ते मी सुधारलं आहे." टाळ्या लगेच पडल्या नाहीत. पडल्या तेव्हा बराच वेळ पडत राहिल्या. माझी नेमणूक पुढच्या महिन्यात कायम झाली. त्याचा याच्याशी संबंध होता की नाही, मी कधी विचारलं नाही.

गर्दी पांगल्यावर आबांना मूर्तीच्या बरोबर खाली नेऊन बसवलं. पांचाळ आमच्याबरोबर होते. दुपारच्या उन्हात ब्राँझ लखलखत होतं. आबा मान वर करून पाहत राहिले. मूर्तीतल्या आपल्या मुठीकडे पाहतील असं मला वाटलं होतं, पण त्यांची नजर चेहऱ्यावरच होती.

"खाली नाव काय लिवलंय?" त्यांनी विचारलं.

"कासनेरनगरी."

"आसं व्हय," आबा म्हणाले. "मला वाटलं, सटवाची बायकु."

पांचाळांनी मान वाकडी करून ते ऐकलं. "मी तिला पाहिलेलं नाही हो," ते हलक्या आवाजात म्हणाले.

"आमी तरी कुठं बघितलीय," आबा म्हणाले. "पर आली बगा. आत आली."